तळ्याचं पाणी

(दवाखान्याची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच अडकली आहे. आत बहीण आणि भाऊ. तिच्या कमरेला ठोके नोंदवणारं मशीन, त्याच्या तारा छातीपर्यंत गेलेल्या.)

धाकटा : अहो, कुणी आहे का वर? झोपलात का सगळे?

लिफ्टमन (वरून) : आहे, आहे! दम धरा जरा. मेकॅनिक जेवायला बसलाय, निरोप धाडलाय.

धाकटा : वा! आम्ही इथं डब्यातली बिस्किटं, आणि तो जेवतोय!

ताई : ओरडू नकोस रे. खाली बस. हा घे रुमाल, घाम पूस.

धाकटा : तू कशी गं इतकी गार? माझ्या छातीत ढोल वाजतायत. हे मशीन खरं तर मलाच बांधायला हवं होतं.

ताई : तुझं बरंय. ओरडतोस आणि मोकळा होतोस.

धाकटा : म्हणून तर बाबांचं नि माझं जमत नाही. त्यांनी पेला भिरकावला की मी दार आपटतो. तू गुपचूप पेला उचलतेस. आता डॉक्टर ‘ठीक’ म्हणाले, की उद्या बाबांना तुझ्याकडे सोडतो. कायमचं. कपडेसुद्धा भरून झालेत.

ताई : हं.

धाकटा : ठीकच म्हणणार! धडधडलं की या मशीनचं बटण दाबायचं होतं ना? किती वेळा दाबलंस?

ताई : एकदाही नाही.

धाकटा : बघ! आई पाळणा हलवताना म्हणायचीच, ‘शांत माझी लेक गं, तळ्याचं ते पाणी...’

ताई : पुढची ओळ?

धाकटा : पुढची कुठं होती?

ताई : आईची नव्हती. मी जोडलीय. ‘तळाशी काय ढवळलं, पुसलं नाही कोणी.’

धाकटा : ...ताई, हात दे इकडं. दे गं. अगं बाई! मनगटात पाखरू कोंडल्यासारखं हे काय? माझं केव्हाच निवलं, आणि तुझं...

ताई : लिफ्टमुळे नाही ते. सकाळी फोनवर ‘कायमचं’ म्हणालास ना, तेव्हापासून.

धाकटा : मग बटण का नाही दाबलंस?

ताई : दाबलं असतं तर म्हणाला असतात, बापाला टाळायला सोंग काढलं. एकदा ‘शांत’ म्हणून नाव पडलं, की माणसानं त्यातच बसायचं. कडी बाहेरून.

धाकटा : मी विचारलंच नाही गं तुला.

ताई : विचारलं असतंस तरी ‘हो’च म्हणाले असते. तीच तर खोड.

धाकटा : मग आता विचारतो. बाबांना एकटी सांभाळशील?

ताई : अरे, मी...

धाकटा : तोंडानं नको. तोंड ‘हो’च म्हणेल. नको असेल, तर बटण दाब.

(ताईचा हात कमरेच्या मशीनकडे जातो.)

धाकटा : ताई?

ताई : दाबलंय.

लिफ्टमन : सुटली हो, सुटली! घाबरला नाहीत ना?

धाकटा : घाबरलो होतो, काका. दोघंही. चल ताई, दार उघडलं. बटण सोड आता.

ताई : थांब रे. अजून थोडा वेळ दाबू दे.