तास संपल्यावरचं रेकॉर्डिंग

सन्माननीय अध्यक्ष चांगदेवराव, व्यासपीठावरच्या आपल्या मुख्याध्यापिका मंदाकिनीताई, ज्यांच्या निरोपासाठी आज टेंभी नाक्यावरून एवढा मोठा हार आणला त्या एमिलिया टीचर, माझे शिक्षक सहकारी आणि पालक मंडळी, सर्वांना नमस्कार.

मी चित्रा, मराठी शिकवते. आधीच सांगते, मला गोड बोलायला जमत नाही. आणि तिसऱ्या रांगेत कोणीतरी मोबाईल उभा धरलाय, तो खाली ठेवा बघू! तुम्ही कौतुकानेच शूटिंग करत असाल हो, पण हल्ली कशाचा तुकडा कापून कुठे चिकटवतील, भरवसा नाही.

गणिताला घाबरणाऱ्या किती पोरांना टीचरांनी पार नेलं! लॉकडाऊनमध्ये लागलेली सवय त्यांनी पुढेही सोडली नाही. आजारी मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून स्टँडवर मोबाईल लावून त्या रोजचा तास रेकॉर्ड करायच्या. व्हिडिओ आपोआप आम्हा शिक्षकांच्या फोल्डरमध्ये जायचा, तिथून आम्ही मुलांना पाठवायचो. केवढी सोय! पण सोय झाली की माणूस बेसावध होतो, नाही का?

गेल्या महिन्यात एकदा तास संपला, मुलं गेली, तरी रेकॉर्डिंग चालूच राहिलं. टीचरांच्या लक्षात आलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, व्हिडिओ फोल्डरमध्ये पोचलाही होता. त्यांनी लगेच तो तिथून काढून टाकला. तरी दुसऱ्या दिवशी ठाण्यापासून डोंबिवलीपर्यंत पालकांच्या ग्रुपवर एक तुकडा फिरत होता. फळ्यासमोर एकट्या टीचर, नुसता लालबुंद चेहरा दिसतोय, ओरडतायत, "निर्लज्जा! पुन्हा तोंड दाखवलंस तर याद राख!" खाली लिहिलेलं, ही बाई मुलांशी अशी बोलते. झालं! त्यांना काढून टाका म्हणून संस्थेवर मोर्चा आला. त्या मोर्चातले काही जण आज इथे पेढा खायला आलेत, मी ओळखते.

पण तुकडा बाहेर गेला कसा? फोल्डर तर फक्त शिक्षकांचं. म्हणजे आमच्यातलंच कुणीतरी. मग काय, मी कुणालाच सोडलं नाही. कुणी चहा विचारला तरी मनात यायचं, हा आजच का विचारतोय? कॉम्प्युटरच्या धनेश सरांना तर मी स्टाफरूममध्ये गाठलंच. ते म्हणाले, "मॅडम, माझ्याकडे काय बघता? फोल्डर सगळ्यांनाच उघडतं. तुम्हालाही." चपराकच बसली मला.

शेवटी टीचरांच्या घरी गेले. म्हटलं, "अख्खा व्हिडिओ मिळाला तर संस्था ऐकेल."

"अगं, तो माझ्याकडे आहे की."

मी उडालेच. "मग दाखवत का नाही?"

"मी ओरडले ते व्हिडिओ कॉलवरच्या एका माणसावर. फोन एका लेकराचा होता. तो मेला फोटो मागून धमकावत होता त्याला. लेकरू माझ्यासमोर रडत उभं होतं, चित्रा. अख्ख्या व्हिडिओत त्याचं तोंड दिसतं."

"संस्थेपुरता तरी दाखवा."

"संस्थेत माणसं किती आणि त्यांचे फोन किती? त्याच्या आईवडिलांना घेऊन पोलिसांत जाऊन आलेय मी. बाकी कुणाला दाखवणार नाही."

आणि राजीनामा देऊन मोकळ्या झाल्या. टीचर, डोळे वटारू नका. ते लेकरू कोण, कितवीतलं, तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी विचारलं नाही.

परत येताना रिक्षात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्याने तुकडा कापला त्याने अख्खा व्हिडिओ पाहिलाय. लेकराला नेमकं वगळून कापलंय. म्हणजे सगळं समजून-उमजून केलंय. आणि तो व्हिडिओ अजून त्याच्याकडे असणार. राग येतो हो मला! मघाशी तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा मी एकेक हात बघत होते, हाच का, हाच का म्हणत.

असो. संस्थेने मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मनापासून आभार. शब्द तिखट लागले असतील तर बाकीच्यांनी ते पोटात घालावेत. त्या एकाला, किंवा एकीला, एवढंच सांगते. टीचरांची बाजू मांडायला आता पुढे येऊ नका. तो व्हिडिओ कुणाला पाठवू नका, मलासुद्धा नको. खुर्चीवरून उठायच्या आधी पुसून टाका. टीचर आज चालल्या. ते लेकरू उद्या तुमच्याच वर्गात येऊन बसणार आहे.