बोटीचा तेल आणि सत्यवानाची मिशी

शिरोड्याच्या किनाऱ्यावर मांगराच्या खोपटापुढे रांग होती. आत काळोखात सरकारी साहेब जांभळ्या दिव्याखाली प्रत्येकाने आपल्या दारापुढून आणलेली वाळू तपासत होते. समुद्रात सांडलेलं बोटीचं तेल वाळूत असलं की त्या उजेडात चमकायचं. माझ्यापुढे लवू आणि सत्यवान.

"लवू, बोटीचा तेल हय इलाच नाय. इला असला तर माझी मिशी काढ."

"लोकांसमोर काढतलंय हां, सत्यवाना."

"काढ. साहेबानू, ही माझी वाळू बघा."

"वाळू स्वच्छ आहे. पण तुमची मिशी का चमकतेय?"

"सत्यवाना, काय लायलंस रे मिशेक?"

"किनाऱ्यार काळा तेल गावला. पिकली मिशी काळी करूक सगळा डब्यात भरून घराक नेलंय."

"म्हणान वाळू स्वच्छ. न्हाव्याक बोलवा रे."

"कापा, पण मिशी माझ्या या बाटलीत घाला. कुठल्या जहाजाचं तेल, ते मुंबईच्या प्रयोगशाळेत शोधतील."

"साहेबानू, बाटलयेर माझा नाव तेवढा घालू नकात."