पिचकारी, एक नग

...नाही, मला एक सांगा, जी वस्तू वापरून फेकायची आहे ती चार्ज कशाला करायची? आणि चार्ज करायची आहे तर मग फेकायची कशाला? खोक्यावर दोन्ही छापलेलं, शेजारी शेजारी, रिचार्जेबल पण आणि डिस्पोजेबल पण, आणि खाली एकदम बारीक अक्षरात 'फक्त प्रौढांसाठी'. म्हणजे आमच्या सुदेशसाठी. वय एक्कावन्न, ते अक्षर वाचायला त्याला चष्म्यावर आणखी भिंग धरावं लागलं... तुम्हाला सांगतो, माणसाने तिथेच ओळखायला हवं होतं.

सुदेश म्हणजे आमच्या समोरच्या दारातला. वर्तकनगर, तिसरा मजला. नोकरी डोंबिवलीला एमआयडीसीत, केमिकल कंपनीच्या क्वालिटी लॅबमध्ये, सव्वीस वर्षं झाली. आलेल्या प्रत्येक पिंपातला नमुना काढायचा, तपासायचा, पास की नापास ते लिहायचं, खाली सही. घरी दुधाची पिशवी आली तरी तारीख वाचल्याशिवाय हा कात्री लावत नाही. आणि हाच माणूस दिवसाला चौदा सिगारेटी ओढायचा आणि पाकिटावरचं ते भयंकर चित्र दिसू नये म्हणून पाकीट उलटं ठेवायचा. बायको, म्हणजे आमच्या विनितावहिनी, बोलून बोलून थकल्या. नंतर नंतर त्या बोलायच्याच बंद झाल्या, नुसती खिडकी उघडायच्या. जानेवारीत पण.

तर त्यांची मुलगी ऐश्वर्या, कल्याणला दिलेली, तिचं डोहाळेजेवण होतं. सुदेश जेवणानंतर गुपचूप खाली जाऊन एक ओढून आला, तोंडात बडीशेप टाकली, आणि लेकीच्या शेजारी फोटोला बसला. ती हसत हसतच म्हणाली, कोणाला ऐकू जाणार नाही अशी, "बाबा, मी पुढच्या महिन्यात तुमच्याकडे येतेय बाळंतपणाला. पण एक सांगून ठेवते. सलग तीस दिवस सिगारेट बंद असेल तरच बाळ तुमच्या हातात मिळेल. नाहीतर लांबून बघायचं."

"अगं, एवढं काय..."

"लांबून, बाबा."

आणि समोर फोटोवाला म्हणतोय, काका, स्माईल द्या. आता कसलं स्माईल देणार?

त्याच आठवड्यात सुदेशचा भाचा प्रितम दुबईहून आला. मामाचं तोंड बघून म्हणाला, "मामा, टेन्शन घेऊ नका, तिकडे सगळे यावरच शिफ्ट झालेत," आणि बॅगेतल्या मोज्यातून ते यंत्र, म्हणजे ई-सिगारेट, काढलं. मोज्यातून का? कारण आपल्याकडे त्याला बंदी आहे, विकायलाही आणि आणायलाही. सुदेश, ज्याने आयुष्यात कधी हेल्मेट न घालता स्कूटर चालवली नाही, त्याने ते मोज्यासकट घेतलं. लेकीपुढे माणूस कायदा विसरतो, तुम्हाला सांगतो. पण सवय विसरत नाही. त्याने दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली, रकाने आखले, आणि वर लिहिलं, 'नमुना तपासणी'. मी काही पदरचं सांगत नाहीये, पुढचं सगळं वहीत आहे.

पहिला रकाना, चव. खोक्यावर लिहिलेलं मँगो आइस. आता हा माणूस खडवलीचा, परसातल्या रायवळ आंब्याखाली वाढलेला. त्याने पहिला झुरका घेतला आणि लिहिलं, 'आंबा नाही. आंब्याचा साबण असावा. तोही फ्रीजमधला.' दुसरा रकाना, घसा. 'समाधानकारक.' तिसरा, खोकला. 'सकाळी कमी. मनाचे खेळ असतील.' बघा, स्वतःच्या खोकल्यावर पण विश्वास नाही, इतका प्रामाणिक.

मग ते कंपनीत नेलं. आता सॉल्व्हंटची कंपनी, आत ठिणगी चालत नाही, सगळे काडेपेट्या-लायटर गेटवर जमा करतात. गेटवर बाबुराव म्हणून वॉचमन आहे, बावीस वर्षं तोच. त्याने ते यंत्र हातात घेतलं, उलटंपालटं केलं, वास घेतला. "साहेब, ही काय वस्तू?"

"बॅटरी आहे बाबुराव. आत नको न्यायला."

"बॅटरीला तोंड कशाला?"

बाबुरावने बघितलं, आंब्याचा वास, पुढे भोक, मागे टाकी... आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, 'पिचकारी, एक नग'. झालं. दिवसातून सहा वेळा हा सीनियर केमिस्ट लॅबमधून गेटवर चालत जायचा आणि हळूच म्हणायचा, बाबुराव, जरा पिचकारी द्या. बाहेर जाऊन वाफ सोडायचा, परत जमा. सहाही वेळा नोंद, सहाही वेळा सही. चौथ्या दिवसापासून कँटीनमध्ये पोरं म्हणायला लागली, साहेब, होळीला अजून वेळ आहे. बाबुराव मात्र हसला नाही. तो तंबाखू मळत, विचार करून म्हणाला, "साहेब, माझ्या डबीला चार्जिंग लागत नाही." हेसुद्धा वहीत आहे. शेरा म्हणून.

पण खरी गंमत... गंमत कसली, खरं दुःख घरात. ऐश्वर्या बाळंतपणाला आलेली. आणि हा बाथरूममध्ये, गॅलरीत, देवघराच्या मागच्या कोपऱ्यात, कारण राख नाही, धूर नाही, काडी नाही, पुरावाच नाही. नुसता आंबा. नोव्हेंबर महिना, आणि विनितावहिनी घरभर हुंगत फिरतायत. "अहो, आंब्याचा वास येतोय." हा म्हणतो, "छे, मला नाही बाई." त्यांनी फ्रीज उपसला, कपाटं उपसली, खालच्या मजल्यावर जाऊन विचारून आल्या, तुम्ही लोणचं घातलंय का. आणि मग एके दिवशी ऐश्वर्या म्हणाली, "आई, मला पण येतोय. मला आंबा खावासा वाटतोय." झालं, वहिनी म्हणाल्या, म्हणजे डोहाळेच. मला पण तुझ्या संगतीने लागलेत. आणि सुदेशला पाठवलं आंबा आणायला. नोव्हेंबरात. हा माणूस जांभळी नाक्याच्या मार्केटपासून सगळीकडे फिरला, शेवटी आमरसाचा डबा घेऊन आला, लेकीने दोन वाट्या खाल्ला, किती खूश झाली.

आणि हा आत जाऊन वही उघडून बसला. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ आहे, मी स्वतः वाचली. 'ऐश्वर्यालाही वास आला. म्हणजे तिच्यापर्यंत पोचतंय.'

त्या दिवसापासून तो गच्चीवर जायला लागला. सोडलं का? नाही ना. तेच तर सांगतोय. सिगारेट कशी, संपते. चटका बसला की कळतं, संपली. हे संपतच नाही. यंत्राला छोटा पडदा, त्यावर दिवसभरातल्या झुरक्यांचा आकडा. पहिल्या दिवशी ऐंशी, दहाव्या दिवशी तीनशे दहा. त्याने हिशोब मांडला, चौदा सिगारेटी म्हणजे फार तर दीडशे झुरके. हे दुपटीच्या वर. खाली प्रामाणिकपणे लिहिलंय, 'झुरका हलका असू शकतो. पण हात रिकामा राहत नाही.' आणि गेटवर जायला जमलं नाही की मधल्या वेळात मागच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर सिगारेट, दोन, कधी तीन. म्हणजे सोडायला गेलेला एक आणि धरून बसलेला दोन. हे पण वहीत आहे, लाल पेनाने.

सतराव्या दिवशी त्यातलं पाणी, ज्याची वाफ होते ते, संपलं. बॅटरी शहाण्णव टक्के, पाणी शून्य. भरायची सोयच नाही. आता मला सांगा, रिकाम्या टाकीला भरलेली बॅटरी काय कामाची? हा तरी दोन दिवस ओढत होता, जळक्या वातीसारखी चव लागते म्हणाला, तरी ओढत होता, आणि पुन्हा चार्जिंगला लावत होता. वहिनींच्याच चार्जरवर.

मग टाकायचं ठरवलं. पण कुठे? ज्याने सव्वीस वर्षं प्रत्येक रिकाम्या पिंपाची विल्हेवाट रजिस्टरला लिहिली, तो डस्टबिनपुढे उभा, ओला की सुका, ओला की सुका. आत बॅटरी म्हणजे ओला नाही, आत रसायन म्हणजे सुका नाही. शेवटी पेपरात गुंडाळलं आणि सुक्यात ठेवलं. आमच्याकडे कचरा न्यायला आवडाबाई येतात. त्यांनी खाली कचरा वेगळा करताना बघितलं, पेपरात काहीतरी लुकलुकतंय. बाई तीन मजले चढून वर आल्या. बेल वाजवली. दार वहिनींनी उघडलं.

"वहिनी, साहेबांचं चुकून आलं वाटतं कचऱ्यात. चालू आहे अजून." आणि हातात देताना म्हणाल्या, "आंब्याचा वास येतोय बघा."

विनितावहिनींनी ते नाकाशी धरलं, दार लावलं, आणि सुदेशसमोर चहाच्या कपाशेजारी ठेवलं. ऐश्वर्या पोट सांभाळत बाहेर आली. कोणी काही विचारलं असतं तर तो काहीतरी बोलला असता. कोणी विचारलंच नाही. मग तो उठला, आत गेला, आणि वही आणून लेकीच्या हातात दिली.

तिने सगळी वाचली. पिचकारीपाशी हसली पण. मग आमरसाच्या पानावर थांबली. म्हणाली, "बाबा, एवढं सगळं दिसत होतं तुम्हाला."

"हो."

"मग?"

"दिसतं म्हणून थांबता येतं असं नाही ना बाळा."

दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला घेऊन सरकारी दवाखान्यात गेल्या, तंबाखू सोडवायचा विभाग असतो तिथे. डॉक्टरबाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "तुम्ही सोडलेलं नाही. फक्त भांडं बदललंय." गोळ्या दिल्या, तलफ आली की काय करायचं ते शिकवलं, आणि ते लुकलुकणारं स्वतःकडे ठेवून घेतलं. म्हणाल्या, वही चालू ठेवा. झाला पहिला दिवस. रडत, चिडत, कपाटाची दारं आपटत, सोळा दिवस काढले. सोळा. आम्ही मजल्यावरचे लोक श्वास रोखून होतो.

सोळाव्या दिवशी ऐश्वर्याला कळा सुरू झाल्या. तीन आठवडे आधी. दवाखान्यात दोन तास, चार तास, मग डॉक्टर बाहेर आले, ऑपरेशन करावं लागेल, सही करा. जावई अजून कल्याणहून वाटेतच, सुदेशने सही केली. सव्वीस वर्षांत हजारो सह्या केलेल्या माणसाची, वहिनी सांगतात, सही वेडीवाकडी आली. आणि हा जो गेला तो थेट दवाखान्याबाहेरच्या टपरीवर. एक ओढली. एकच. वर आला तेव्हा नात झालेली होती. दोघी सुखरूप.

कोणी बघितलं नव्हतं. तोंड धुतलं होतं, वेलची खाल्ली होती. नर्सने तर बाळ पुढे केलं, घ्या आजोबा. सुदेशने हात मागे घेतले. ऐश्वर्या शुद्धीवर आली तेव्हा तिला पहिलं वाक्य हे ऐकू आलं, "बेटा, माझी मघाशी एक झाली. पुन्हा पहिल्यापासून मोजतो."

तिने डोळे मिटले. वहिनी म्हणतात ती रडली. सुदेश म्हणतो भूल उतरत होती.

म्हणजे बघा, नातीचा जन्म आणि याचा शून्य एकाच दिवशी. ती जेवढ्या दिवसांची, तेवढाच हा. बाराव्या दिवशी बारसं झालं. घर भरलेलं, पाळणा, गाणी, जो येतो तो बाळाला उचलतो. मी उचललं, बाबुराव खास डोंबिवलीहून आला होता, हात तीनदा धुऊन त्याने उचललं, आवडाबाईंनी तर ओटीत घेऊन दृष्ट काढली. आणि आजोबा दारात, फोन घेऊन, फोटो काढतायत. लेक एकदा म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस..." तर हाच म्हणाला, "नको. तीस म्हणजे तीस."

फोटो काढले एकशे दहा. एकाही फोटोत सुदेश नाही, ते सोडा. पण रात्री टीव्हीला लावून बघायला बसलो तर काय, बाळाला चार डोकी, वहिनींना तीन हात, बाबुराव नुसता धूसर... सगळे हललेले. तलफेत हात कापतात, याला कोण काय करणार. सगळे टीव्हीकडे बघतायत. शेवटी विनितावहिनीच म्हणाल्या, अगदी हळू, "असू दे. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला तरी काढायला सांगू."

"हो," सुदेश म्हणाला, "पुढच्या वेळी माझे हात मोकळे नसतील."

आज एकोणिसावा दिवस आहे. सकाळी जिन्यात भेटला, नमस्कार केला, मी पण केला. विचारलं काही नाही. विचारायची हिंमतच होत नाही हो... कारण तो खरं सांगतो.