कपबश्यांच्या दुकानातला पांढरा फळा

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, दुकानातली सगळी मंडळी आणि मुद्दाम आलेली आमची गिऱ्हाइकं, सर्वांना नमस्कार.

लांबण लावायची मला सवय नाही. चौथीच्या पुढं शाळेनं मला ठेवलंच नाही. आज ज्यांचा निरोप, त्या आमच्या ताई खुर्चीवर नाहीत. त्या आत फोनवर आहेत. का, तेच सांगतो.

आमचं कपबश्यांचं दुकान इंटरनेटवर गेलं, पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना तिथं पैसे भरायला जमेना. ती ताईंना फोन करायची. नाव, कार्डाचा नंबर, मुदत, कार्डामागचे तीन आकडे, सगळं ताई टेबलामागच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या. पैसे जमा झाले की पुसायच्या. कागद हरवतो, फळा कुठं जाणार? फळा नाही गेला. फोटो गेला.

पुतण्यानं ताईंचा काम करतानाचा फोटो काढला. सकाळी आमंत्रण म्हणून दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला, आणि तोच मोठा करून इथं भिंतभर लावला. आता उलटा केलाय, उगाच माना वाकड्या करू नका.

मघाशी निवृत्त पोस्टमास्तर आले. फोटोजवळ जाऊन म्हणाले, "अहो शेठ, माझं नाव इथं कशाला? सत्कार माझा आहे का?" आम्ही हसलो. मग त्यांनी नावाशेजारचे आकडे वाचले आणि खिशातून फोन काढला. दुपारीच त्यांच्या कार्डावर कुणीतरी ओटीपी न मागणाऱ्या परदेशी साइटवरून टीव्ही घेतला होता. मेसेज आलेला, त्यांना वाटलं जाहिरात असेल. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे होते हो ते.

चोर कुलूप फोडतो, एवढंच मला ठाऊक. इथं आम्हीच किल्ली चौकटीत बसवून वर फुलं लावली.

पुतण्या म्हणतो, ताई छान दिसत होत्या. दिसत होत्या रे बाबा, मागचंही दिसत होतं. भागीदार कानात म्हणाले, आज बोलू नका, दुकानाचं नाव जाईल. लोकांचे पैसे गेल्यावर नावाचं काय लोणचं घालायचंय?

ताई तेवढ्या उठल्या. "फुलं नंतर. आधी फळ्यावरच्या प्रत्येकाला फोन. कार्डं बंद करायला सांगते." कुणीतरी म्हणालं, ताई, तुमची नोकरी आज संपली. त्या म्हणाल्या, "नंबर त्यांनी दुकानाला नाही दिले. माझा आवाज ओळखून दिले."

यापेक्षा वेगळं गुणगान मला येत नाही.

पोस्टमास्तर माझ्या मुलाबरोबर बँकेला फोन लावून बसलेत. पैसे परत मिळतील का, माहीत नाही. नाही मिळाले तर दुकान भरेल. उद्यापासून फोनवर कार्डाचा नंबर कुणी विचारणार नाही, विचारला तर देऊ नका. आमंत्रण ज्यांच्या मोबाइलमध्ये असेल त्यांनी आत्ता पुसा. पुढं कुणाला पाठवलं असेल तर त्यांनाही कळवा.

आलात, शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. फळ्याचं मात्र घालू नका. त्याची माफी ताई आत एकेकाकडे मागतायत. सरका जरा, मला त्यांच्या शेजारी बसायचंय.