शेवटच्या पानावरचा बाप

आजारी बहिणीला भेटायला आलेली शिंपीण अतिदक्षता विभागाबाहेर बाकावर ताटकळत होती. शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. म्हाताऱ्याच्या मांडीवर लहान मुलांचं, कोपरे झिजलेलं पुस्तक होतं.

“चष्मा पुसून पुसून काय वाचताय एवढं?” म्हातारीने विचारलं.

“आपल्या पोराचं पुस्तक. शुद्धीवर आला की वाचून दाखवीन म्हटलं. लहानपणी पारायणं करायचा ना याची?”

“तोंडपाठ होतं त्याला.”

“मला वाटायचं, चित्रं बघतो. आज पहिल्यांदा वाचलं. यातला बाप शेवटच्या पानावर घरी येतो गं.”

“माहितीये. तेवढं पान मला रोज दोनदा वाचायला लावायचा.”

“मी ट्रक घेऊन महिना महिना बाहेर. आणि घरी यावं तर हा आपला ढाराढूर झोपलेला.”

“झोपलेला नसायचा हो.”

“म्हणजे?”

“तुमचा आवाज आला की डोळे मिटून घ्यायचा. तुम्ही उठवाल म्हणून वाट बघायचा.”

“मी आपला, झोपमोड नको म्हणून...”

“ठाऊक आहे मला.”

नर्सने दार उघडलं. आत एकालाच सोडणार होती.

“तू जा.”

“नाही, आज तुम्ही जा. आणि हाक मारा त्याला. मोठ्याने मारा.”

म्हातारा उठला. शिंपिणीने पाय आखडून घेतले आणि त्याला वाट करून दिली.