गॅसवरचं इंजीन आणि माझा साडू

मला फसवलं ते माझ्या साडूनं, हिलालनं. शेणाच्या गॅसवर डिझेलचं इंजीन चालवलं मी, आणि शाल पांघरली त्यानं. आधी एवढं लिहा, मग बाकीचं.

मी मूळचा पिंपळनेरकडचा. बापाला जमीन नव्हती, भुसावळला लेथवाल्याकडे लोखंड उचलत उचलत मी काम शिकलो, मग बिघडलेली इंजिनं घ्यायची, नीट करायची, शेतकऱ्यांना विकायची असा धंदा असोद्यात मांडला. भाव करण्यात मला कोणी हरवलं नाही. तोंड माझं तिखट, पण त्या तोंडावरच उभा राहिलो, काय सांगू तुम्हाला.

तेव्हा डिझेलची अशी मारामार की पंपावर ड्रमांची रांग लागायची, इकडे केळी पाणी मागते, विजेचा भरवसा नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, शेठ, इंजीन नेऊन त्यात ओतू काय. माझ्या घरामागं गोबरगॅस होता, बायको त्यावर भाकरी भाजायची. मी म्हटलं, भाकरी भाजतो तो गॅस इंजीन का नाही ओढणार. हवा आत जाते त्या नळीला गॅसची नळी जोडली, मध्ये तोटी बसवली. इंजीन डिझेलवरच सुरू करायचं, तापलं की तोटी हळूहळू उघडायची, मग डिझेल नावापुरतं लागतं. घाई केली की गचके खाऊन बंद. पण खरी गोष्ट वेगळीच. त्या गॅसला घाण वास असतो ना, तो ज्या विषारी वायूचा असतो, तो वायू इंजिनाला आतून खातो. म्हणून मी लेथवरचा लोखंडाचा कीस डब्यात भरला आणि गॅस त्यातून गाळून घेतला. तो डबा मी गोणपाटात गुंडाळून ठेवायचो. कोणी विचारलं तर सांगायचो, गॅसमधलं पाणी धरायला ठेवलाय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात, मागून जावई जातात, पत्त्यांचे डाव बसतात. सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, धुळ्याजवळच्या खेड्यात राहतात. मी थोरला जावई, हिलाल धाकटा, जिभेवर गूळ ठेवून बोलणारा. मी गॅसच्या इंजिनाचं सांगितलं, तर तो पानं पिसता पिसता म्हणाला, भाऊ, शेणवर इंजीन चालस का बैल चालस? बठ्ठे, म्हणजे सगळेच, हसले. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी असोद्याहून सामान आणलं, आबांचाही गोबरगॅस विहिरीजवळच होता, तो त्यांच्या विहिरीवरच्या इंजिनाला जोडला, आणि पाणी पाटात पडलं तसे हसणारेच वाकून तोटी बघायला लागले. हिलाल पाया पडला, म्हणाला, भाऊ, बठ्ठं तुमनं डोकं शे. मी फुगलो, खोटं का बोलू.

निघताना आबांना एकट्यालाच बाजूला घेतलं. म्हटलं, कीस काळा पडला की बदला, आणि ह्या डब्याचं कोणाला सांगू नका, हिलालला तर मुळीच नाही. आबांनी मान हलवली.

पुढं धुळ्यात शेतकऱ्यांचा मेळावा भरला, मी इंजिनं विकायला गेलो, तर मांडवात हिलाल उभा. त्याचं इंजीन चालू, शेजारी डबा, हिरवा रंग दिलेला, गोणपाट नाही, काही नाही. येईल त्याला उघडून दाखवतोय, ह्यात कीस भरा, इंजीन खराब व्हस नही. शेतीखात्याच्या साहेबानं त्याला शाल घातली, माझ्या डोळ्यांदेखत. लोक त्याला गॅसवाले हिलालभाऊ म्हणायला लागले. आणि वर काय, माझंच गिऱ्हाईक माझ्याच दुकानात येऊन म्हणतं, शेठ, हिलालभाऊंसारखं बसवून द्या ना.

बायकोला सांगितलं तर ती म्हणते, इतल्या लोकेसनं डिझेल वाचनं त्यानी खुशी नही, हिलालनं नाव व्हयनं त्यानं तुमनं पोट दुखस. दुखतंच. का दुखू नये? आबांना जाऊन विचारलं, त्याला सांगितलं कोणी? म्हणाले, त्यानं इचारं, मी सांगं, दोन्ही मनाच जवाई शेतस. दोघं जावई त्यांना सारखेच म्हणे, वर चहा पुढं केला. मी चहाला हात न लावता उठलो.

आता आखाजीला बायको एकटीच जाते. आबांच्या ओसरीत हिलालचा शाल घातलेला फोटो आहे म्हणे, येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवतात. हिलाल तसाच, त्याच्याकडून मी काही अपेक्षा धरूनच नव्हतो. पण आबांचे कान अजून शाबूत आहेत, तुम्ही हे त्यांना वाचून दाखवा. पहिलं इंजीन त्यांच्याच विहिरीवर चाललं, कोणी चालवलं ते त्यांना माहीत आहे. मग फोटो दाखवताना माझं नाव का घेत नाहीत? हिलालला विचारू नका, आबांनाच विचारा, आणि ते काय म्हणतात ते मला येऊन सांगा.