डॉक्टर प्रूइटला पाडायचंय

केंटकीत आमच्याकडे मत मोठ्यानं सांगायची रीत, आणि उमेदवार समोरच बसलेले. कोर्टाच्या पायऱ्यांवर रांगेत माझ्यापुढे दोघे शेतकरी होते.

"डॉक्टर प्रूइटला पाडणार मी. तोंडावर सांगणार."

"लेमुएल, अरे तुझ्या बायकोची चारही बाळंतपणं त्यानंच केली ना?"

"म्हणूनच! आमदार झाला आणि औषधाची पेटी माळ्यावर गेली. लविनियाला आठवा लागलाय. पडला की झक मारत येईल डॉक्टरकीला."

"मागं एकदा पाडला होता, तेव्हा आला?"

"नाही. वकील होऊन बसला."

"मग?"

"मग काय! आता पाडला तर उरलंय काय त्याला? डॉक्टरकीच!"

तेवढ्यात टेबलामागच्या कारकुनानं हाक मारली.

"नाव? मत कोणाला?"

"लेमुएल स्टॅम्पर. मत कर्नल ॲबटना!"

पलीकडच्या खुर्चीतून डॉक्टर प्रूइट बोलले.

"लेमुएल, लविनिया कशी आहे?"

"पाय सुजलेत, डॉक्टर. डोकं फार दुखतं म्हणते."

"कधीपासून?"

"आठवडा झाला."

"गाढवा, आधी नाही बोलायचं?"

"तुम्ही आता मोठी माणसं..."

"चल, उगाच काहीतरी बोलू नकोस. घोडा कुठंय तुझा?"

"आणि मतदान, डॉक्टर?"

"ते चालू दे. औषधाची पेटी माझ्या खोगिराला बांधलेलीच असते."